कांड्याले बसाचं कोणी शिकवलं

बाबूलाल: चहाचं राहू दे. आधी मले सांग, आपल्या प्रणालीचं लग्न कोणत्या साली झालं?

अनुसया: दोन हजार बावीसले. एप्रिलात. सकाळी सकाळी हे काय काढलं तुम्ही? सदरा सारा घामानं भिजला. बसा आधी.

बाबूलाल: बसतो. म्हणजे तीन वर्षं होऊन गेले. या तीन वर्षांत मी देवरावच्या गल्लीत पाय टाकला का?

अनुसया: नाही टाकला.

बाबूलाल: सख्खा लहाना भाऊ दोन गल्ल्या सोडून राहते, अन् मी दूध आणाले बी पाण्याच्या टाकीकडून वळसा घेतो. बरोबर?

अनुसया: बरोबर. पण झालं काय?

बाबूलाल: कांड्याचा पट्टा हातातून सुटला. पाच महिन्यांचं पिल्लू, रस्त्यानं टिप्पर धावून राहिले. मी मांगं मांगं पळालो. अन् हा कुठी जाऊन थांबला? देवरावच्या फाटकापुढं.

अनुसया: कुत्र्याचं काय, वास आला असंन कशाचा.

बाबूलाल: वास आला तं कुत्रं हुंगते. हा हुंगला नाही वं. बसला. समोरचे पाय जोडून, मान वर करून. जसं का आतून आता कोणी येईन अन् बिस्कुट देईन. उठवलं तं उठे ना. शेवटी उचलून आणला, तं खांद्यावरून मांगंच पाहून राहिला.

अनुसया: तुम्ही आत पाहलं?

बाबूलाल: मी काहून पाहू? मान खाली घातली अन् फिरलो.

अनुसया: मग घ्या चहा. थंडा होऊन राहिला.

बाबूलाल: होऊ दे. अनुसया, या पिल्लाले कोणकोणतं काम मी शिकवलं, मोज. पेपरावर मुताचं मी शिकवलं. दर दोन घंट्यानं उचलून अंगणात नेत होतो, या गुडघ्याचं काय झालं ते पाहलं तुनं. चपला चावाचं मी सोडवलं.

अनुसया: माही एक तं गेलीच.

बाबूलाल: एकच गेली. त्याचे दात शिवशिवत होते, म्हणून मी फडक्याले गाठी मारून, ओलं करून त्याले चावाले दिलं. हात नाही उचलला कधी. आपला अंकुर म्हणे, पेपरची गुंडाळी करून एक द्या. मी म्हटलं, सूत तुटलं तं मागाले मारून जुडते का? बसून गाठ मारा लागते. जेवणाचं भांडं ठेवलं तरी मी म्हणत नाही तोपर्यंत तोंड घालत नाही, ते बी मीच.

अनुसया: तुम्हीच. कोण नाही म्हणते?

बाबूलाल: पण 'बैस' म्हटलं का बसाचं, हे तो दोन दिवसांत शिकला. साऱ्या कॉलनीत मी सांगत फिरलो, विणकराचा हात आहे गा, मागाच्या धोट्यावर बसला तसा कुत्र्यावर बी बसला. आज त्या फाटकापुढं उभा राहून मले पहिल्यांदा वाटलं, दोन दिवसांत कोणतं पिल्लू शिकते?

अनुसया: हुशार आहे तो.

बाबूलाल: इकडं पाय. मी दुपारी झोपतो, तू कुठी जात होती?

अनुसया: भजनाले. चार वाजता असते आमचं.

बाबूलाल: कुत्रं घेऊन?

अनुसया: द्या तो कप, चहा गरम करून आणते.

बाबूलाल: एक महिना झाला, चार वाजले का हा दाराशी जाऊन कुईकुई करते. मी जनावराच्या डॉक्टरले दाखवलं. दात येऊन राहिले म्हणाला तो. दात घड्याळ पाहून दुखते का वं?

अनुसया: देवराव भाऊजीकडं नेत होते मी त्याले.

बाबूलाल: कवापासून?

अनुसया: आपल्या घरी आला तवापासून. होळीच्या नंतर आणला ना, तवापासून.

बाबूलाल: अन् तुले कोणी सांगितलं होतं न्याले?

अनुसया: त्याची माय तिथंच होती. भाऊजीची पांढरी कुत्री. तिचंच पिल्लू आहे हे.

बाबूलाल: अंकुरनं तं कामठीच्या दोस्ताकडून आणलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात आणलं, वरून भोकं पाडून. मले म्हणे, बाबा, बसनं आणलं, लय रडलं रस्त्यानं.

अनुसया: दोन गल्ल्यांतून आणलं. खोकं किराण्याच्या दुकानातून घेतलं.

बाबूलाल: वा. भोकं बी पाडले.

अनुसया: तुम्ही ठेवलंच नसतं नाही तं. भाऊजी म्हणले, वहिनी, दादाचे हात रिकामे झाले तवापासून तो आंबून गेला. एक पिल्लू देऊन पाहा, त्याले कोणाच्या तरी मांगं लागाले पाह्यजे. पण माहं नाव काढू नका.

बाबूलाल: अन् बसाचं त्यानं शिकवलं.

अनुसया: खाटेवर पडल्या पडल्या. उशीखाली बिस्कुटाचा पुडा राहे. कांड्या खाटेवर चढाले पाहे, तं भाऊजी नुसता हात असा खाली दाबत. बसला का तुकडा. तुम्ही सकाळी शिकवा, ते चारले शिकवत. तुमच्यापेक्षा...

बाबूलाल: बोल. माह्यापेक्षा काय?

अनुसया: तुमच्यापेक्षा लवकर ऐके त्यायचं.

बाबूलाल: अन् मी कॉलनीत छाती फुगवून फिरलो. तू बी ऐकत होती, शेजारच्या मनोहररावच्या ओट्यावर मी सांगत होतो तवा. पदर तोंडाले लावला होता तुनं. मले वाटलं, कौतुक वाटून राहिलं हिले.

अनुसया: वाटत बी होतं.

बाबूलाल: नाव तरी अंकुरनं ठेवलं का? मागावरच्या सुताच्या कांडीवानी गरगर फिरते, म्हणून कांड्या. मी म्हटलं, पोरगा बँकेत गेला तरी घरातली कांडी विसरला नाही. त्या दिवशी मले लय बरं वाटलं होतं, अनुसया. खरं सांग.

अनुसया: भाऊजीनंच ठेवलं.

बाबूलाल: अंकुरले ठाऊक. तुले ठाऊक. प्रणालीले?

अनुसया: तीच तं पहिले गेली होती. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यातच, काकाच्या पाया पडाले.

बाबूलाल: त्याच्या? जिच्या लग्नाची साडी त्यानं मागावरून कापली, ते पोरगी त्याच्या पाया पडाले गेली?

अनुसया: तिनं कधी मनात ठेवलं नाही.

बाबूलाल: मी ठेवलं. साडेतीन हात विणून झाली होती साडी. बापाच्या मागावरची शेवटची, पोरीच्या अंगावर घालाची होती. आपल्या घरी अर्धं कापड मागावरून काढत नाही. बाप मेला तवा मायनं तेरवीनंतर स्वतः मागाच्या खड्ड्यात बसून पुरं केलं अन् मग उतरवलं. अन् हा! मी सीताबर्डीले पत्रिका आणाले गेलो, तेवढ्यात कैचीनं कापून मोकळा. माही पोरगी दुकानातली साडी नेसून बोहल्यावर चढली.

अनुसया: मागाचं जुनं घर पाडाले बिल्डरचे माणसं आले होते त्या दिवशी. ते माग फोडून राहिले होते. भाऊजीनं कापड तरी वाचवलं.

बाबूलाल: त्या माणसायले तारीख कोणी दिली होती? मले न इचारता?

अनुसया: त्यायनंच दिली. ते त्यायची चूक होती. मेल्यावानी झालं होतं त्यायले, मी पाहलं आहे. तुम्ही बोलू दिलं का पण? भर मांडवात उभं राहून म्हणले, हा मेला तरी मले सांगाचं नाही. शंभर माणसायनं ऐकलं.

बाबूलाल: म्हणलो. रागानं म्हणलो. पण तू माही बायको आहे. मले खोटं सांगून, माह्या दारातलं कुत्रं नेऊन, रोज चारले तिथी चहा पेली. त्याचं राहू दे, तो तं दुश्मनच होता. तुमी सारे माह्या ताटात जेवून राहिले.

अनुसया: शिव्या द्या मले. मी ऐकते.

बाबूलाल: शिव्या नाही द्याच्या. तो दोरीवरचा धुतलेला सदरा दे.

अनुसया: कायले?

बाबूलाल: जातो त्याच्याकडं. आता तं कुत्र्यानं रस्ता दाखवला, लाज कायची? समोर उभा राहून इचारतो, देवा, तुले कुत्रं शिकवाचं होतं तं उजागरीनं, साऱ्यायसमोर शिकवाचं ना. माह्या नावावर काहून शिकवलं? मग पाहतो काय म्हणते ते. म्हणू दे त्याले बी काही. तीन वर्षांचं साचलं असंन. दे ना सदरा.

अनुसया: नका जाऊ.

बाबूलाल: तूच म्हणत होती ना, त्याले वाईट वाटते म्हणून?

अनुसया: तिथी कोणी नाही.

बाबूलाल: दवाखान्यात नेलं का? खाटेवर पडल्या पडल्या म्हणली तू. काय झालं होतं त्याले?

अनुसया: फुप्फुसाचं होतं. सुताची धूळ, डॉक्टर म्हणले. शेवटी दवाखान्यातच होते.

बाबूलाल: होते.

(अनुसया दोरीवरचा सदरा काढते आणि हातातच धरून उभी राहते.)

बाबूलाल: मी कुठी होतो तवा?

अनुसया: उमरेडले. प्रणालीकडं.

बाबूलाल: दोन दिवसांसाठी गेलो होतो, बारा दिवस ठेवून घेतलं तिनं. जावईबापू मले बस स्टँडवरून वापस घेऊन आले. मी म्हटलं, किती जीव लावते पोरगी.

अनुसया: मीच सांगितलं होतं तिले. ती फोनवर रडत होती.

बाबूलाल: रोज आमरस वाढला तिनं मले. भावाच्या सुतकात मी आमरस खाल्ला. देवळात गेलो, घंटा वाजवली.

अनुसया: मी इथी पाळलं. दहा दिवस देवाजवळ दिवा नाही लावला.

बाबूलाल: आग कोणी दिली?

अनुसया: अंकुरनं.

बाबूलाल: त्यानं डोक्स्यावरचे केस काढले होते. मले म्हणे, गर्मीनं काढले बाबा. मी हासलो त्याले. टरबूज म्हणलो.

अनुसया: तो खोलीत जाऊन बसला होता त्या दिवशी. जेवला नाही.

बाबूलाल: मले एकदा नीट सांग, अनुसया. जसं भावाले सांगतात तसं सांग.

अनुसया: देवराव भाऊजी अकरा जूनले गेले. बुधवारी, सकाळी साडेसहाले.