दहाची दहा, मोजून घ्या!

...न्हाय, पण मला एक सांगा, माणूस रस्त्यात भेटला की नमस्कार करायच्या आधी त्याची बोटं मोजायची, ही कुठली रीत? शुक्रवार पेठेत मी घरातनं पाऊल बाहेर टाकलं की पानवाला बोटांकडं बगतो, न्हावी बोटांकडं बगतो, परवा तर डॉक्टर नाडी धरल्यासारखं करून बोटंच मोजायला लागला! म्हटलं, डॉक्टरसाहेब, मला खोकला झालाय, बोटं दहाची दहा हायत, मोजून घ्या!

कारण काय, तर गुरुसिद्धप्पानं घरात करवतीचं मशीन बसवलंय. हा, बसवलंय! मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं फिटर हाय मी, चोरी केली का काय? मागच्या पडवीत लोखंडी टेबल, टेबलाखाली मागाची जुनी मोटर, टेबलाच्या मधनं गोल पातं वर आलेलं, बटण दाबलं की सूंऽऽऽ! कशापायी? आमची जगदेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि माझ्या डोक्यात एकच, नातवंड झोपंल ते आज्जानं केलेल्या सागवानी पाळण्यात. तुमाला सांगतो, जलमभर दुसऱ्याची मशीनं दुरुस्त केली, पण घरात माझ्या हातची म्हणावी अशी एक वस्तू न्हाय. एक पाट सुद्धा न्हाय हो. लई लागायचं मला ते.

जगदेवीच्या आईनं, आमच्या ईरम्मानं, पातं बगितलं आणि कपाळाला हात लावला. ‘बेड री, बेड!’ म्हणजे नको हो, नको. चिडली की ती कानडीत शिरती, आणि ती कानडीत शिरली की माझं मराठी काय कामाचं न्हाय. तिचं बी बरोबर हाय म्हणा. तिचा भाऊ मल्लप्पा, लाकडाची वखार हाय त्याची, त्याला बोटं किती? साडेसात! दोन आख्खी गेली, एक अर्धं ऱ्हायलंय, आणि मिशीला पीळ देतो तो त्या अर्ध्यानंच! वर मला शिकवतो, ‘दाजी, करवतीला भ्यायचं नसतंय की! मागती एकांदं, देऊन टाकायचं!’ देऊन टाकायचं? बोट हाय का देवळातला नारळ?

ईरम्मानं अट घातली, ‘नुसतं खरचटलं तरी दुसऱ्या दिवशी हे मशीन भंगारात. पाळणा बाजारातनं आणायचा.’ म्हटलं, कबूल! दहाची दहा बोटं ठेवूनच पाळणा करतो, रोज संध्याकाळी मोजून घे!

आणि मग तुमाला सांगतो, असे नियम केले, असे नियम केले की मिलच्या इंजिनेरानं येऊन वहीत उतरून घ्यावेत. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर, खांद्यावर टॉवेल न्हाय, धोतर तर खुंटीलाच. आता आमच्या लिंगायतांत गळ्यातलं लिंग अंगावेगळं करत न्हायत, आणि करवतीजवळ गळ्यात काय लोंबलेलं चालत न्हाय, सांगा कसं जमवायचं? मल्लप्पा म्हणतो, पाठीवर टाका. देवाला पाठीवर टाकून काम करणारा मी न्हाय! दोरा आखूड केला, लिंग बनियनच्या आत, वरनं आडवा पट्टा घट्ट आवळला, देव बी सुरक्षित, मी बी सुरक्षित. पात्यावर डालड्याच्या डब्याचं झाकण. लाकूड पुढं सरकवायला बोट न्हाय, काठी! डोळ्याला चष्मा. आणि पात्याच्या सरळ समोर जमिनीवर खडूनं हाताहाताच्या अंतरानं दोन रेघा मारल्या, त्या पट्ट्यात कुणी पाय ठेवायचा न्हाय, कारण पातं लाकूड कवा उलटं फेकंल त्याचा नेम न्हाय. मांजराला सुद्धा मनाई! काम झालं की बटण बंद, आणि नुसतं बंद न्हाय, भिंतीतनं प्लग उपटायचा, मगच चहा.

हसायलाय काय? दोन महिने झाले, पाळण्याचे चारी पाय कापून तयार, बोटं दहाची दहा! ईरम्मा रोज मोजायची. पहिल्या आठवड्यात दोनदा मोजायची, नंतर नंतर नुसतं लांबनं बगायची. एक दिवस तर मलाच म्हणाली, ‘पाय बरे झालेत की.’ तुमाला सांगतो, लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला बरं म्हटलं.

...आणि आली खंडेनवमी.

आता खंडेनवमीला हत्याराची पूजा, हे काय सोलापुरात सांगायला पायजे का? विळी, कोयता, मागाचा धोटा, सगळं धुवून पुसून मांडतात, मग माझ्या मशीननं काय पाप केलंय? ईरम्मा स्वतः म्हणाली, मशीनची पूजा करू. मी इतका खूश झालो, इतका खूश झालो की... तितंच चुकलं. पूजेला पातं दिसाय पायजे म्हणून झाकण काढलं. पात्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, वरनं झेंडूचा हार, टेबलावर नारळ. शेजारची चंद्रव्वा म्हातारी हळदकुंकू घेऊन आली आणि दारातच थबकली. ‘गुरुसिद्दा, ते फिरलं म्हंजे रं?’

आता त्या दिवसांत वीजकपात चाललेली, लाईट सकाळीच गेलेली. म्हटलं, आजी, लाईटच न्हाय तर फिरंल कसं? ह्यो बगा प्लग, लावला. हे बगा बटण. चालू! फिरलं? न्हाय. बंद! फिरलं? न्हाय. चालू! बंद! चालू! म्हातारी हसायला लागली, जगदेवी हसायला लागली, ईरम्मा पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तीन-तीन बाया हसायल्या म्हटल्यावर माणसाला हिशेब ऱ्हातोय का, की शेवटचं बटण चालू होतं का बंद?

तेवढ्यात बगतो तर जगदेवी पाट घेऊन बसलेली, कुटं? खडूच्या पट्ट्यात! म्हटलं, ऊठ. ‘अप्पा, हितं वारं येतंय.’ ऊठ! ‘अप्पा, लाईट न्हाय की.’ नियम म्हणजे नियम, सणाला सुट्टी न्हाय, ऊठ! ईरम्मा भडकली, ‘आठवा महिना लागलेल्या पोरीला उठबशा काढायला लावता?’ पण मी उठवलीच. पाट तितंच ऱ्हायला, पोरगी बाजूला झाली. आरती सुरू झाली, कापूर पेटला, चंद्रव्वानं घंटा हातात घेतली, टणटणटण... आणि सूंऽऽऽऽ!

लाईट आली!

काय सांगू तुमाला! झेंडूच्या फुलांचा ह्यो एवढा फवारा, सगळ्यांच्या डोक्यावर! विभूतीचा धूर! टेबल थरथरलं, नारळ गडगडत गेला पात्यावर आणि फटाक्! एक फोड चंद्रव्वाच्या पायाशी, दुसरी बंदुकीतनं सुटल्यागत सरळ खडूच्या पट्ट्यातनं... पाटाला! मधोमध चिरला पाट.

मी एकदा पाटाकडं बगितलं, एकदा जगदेवीकडं. हसायचं सोडा, माझी दहाची दहा बोटं गार पडली. अजून सांगताना पडतात. त्या पाटावर माझी लेक होती, आत्ता, दोन मिनिटापूर्वी.

प्लग होता खाली भिंतीला. मी पट्ट्याच्या बाजूनं जमिनीवर आडवी उडी घेतली, लांबलचक पसरलो, दोन्ही हात पुढं, आणि प्लग उपटला. मशीन थांबलं. मान वर करून मागं बगतो तर काय? चंद्रव्वा जमिनीवर आडवी! ईरम्मा आडवी! जगदेवी तेवढी पोटामुळं नुसते हात जोडून उभी! ‘यव्वाऽऽ, जागृत हाय गं!’ म्हातारीनं टाहो फोडला, ‘आपला नारळ आपण फोडून घेतला! पोरीला वाचवलं! गुरुसिद्दानं दंडवत घातला तवा शांत झाली गं!’

दंडवत? अवो, प्लग! हातात प्लग हाय माझ्या! तोंडावर आलेलं माझ्या, की बटण मीच चालू ठेवलं, झाकण मीच काढलं, आणि पोरगी वाचली ती खडूच्या पट्ट्यानं. पण ईरम्माकडं बगितलं. डोळ्यांत पाणी, मशीनला हात जोडलेले. खरं सांगितलं तर उद्या मशीन भंगारात, पाळणा बाजारातनं. प्लग हळूच पाठीमागं लपवला.

न ऱ्हावून तिसऱ्या दिवशी सांगितलं. सगळं सांगितलं. ईरम्मा म्हणती कशी? ‘हळू बोला, तिच्यासमोर असं बोलू नये!’ तिच्यासमोर! मोटर अजून मागाचीच हाय, पण आता ती ‘ती’ झाली! पात्याला हिरवा खण आला, माझ्या खडूच्या रेघांवर रांगोळी आली, लाकूड ढकलायच्या काठीला मोरपीस बांधलं. प्लग ईरम्माच्या ट्रंकेत, कुलूपबंद. म्हटलं, अगं, पाळण्याचा कठडा ऱ्हायलाय, जरा दोन फळ्या... ‘देवीला कामाला लावता?’

संपलं. चारी पाय मल्लप्पा वखारीत घेऊन गेला, आठ दिवसात कठडा लावून पाळणा आणून दिला. ‘दाजी, मी म्हणत होतो की, भ्यायचं नसतंय!’ नातू झाला, बारसं झालं. पाळणा झकास हाय, खोटं कशाला बोलू, कुठं कुसळ सुद्धा लागत न्हाय पोराला. पाय माझे हायत म्हणून मी सगळ्यांना खाली वाकायला लावतो.

आणि तुमी विचारता, गुरुसिद्धप्पा, बोटं किती ऱ्हायली? अवो, साडेसातवाल्यानं पाळणा केला! माझी दहाची दहा हायत, मोजून घ्या... पण जरा लवकर मोजा, आज शुक्रवार हाय, ईरम्मा आतनं घंटा वाजवायली, मला जाऊन ती देवीपुढं जोडायची हायत.