केरूनानांची समाधी

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको.

माणूस झोपला की त्याचं काय चाललंय हे कोणाला माहीत असतं? त्याला? त्याला कसं असेल — तो झोपलाय! जागेपणी आपण मोठे शहाणे. माझं पोट मला कळतं, माझं डोकं मला कळतं, असं म्हणतो. पण रोजचे सात-आठ तास माणूस स्वतःच्या हाती नसतोच. मग त्या वेळची साक्ष कोणाची? आणि ती साक्ष आपल्याला आवडली नाही, तर मानायची की झिडकारायची?

ते खांबाला टेकून बसलेले पाहुणे हसताहेत बघा. टेका, टेका. आजच्या आख्यानात खांबाला मोठा मान आहे.

धामणबेट नावाचं गाव. गावात पिठाची गिरणी, गिरणीवाले केरूनाना वाळुंज. वय पंचावन्न. अंगानं भरलेले, मान अशी की सदऱ्याचं वरचं बटण आयुष्यात कधी लागलं नाही. माणूस देवभोळा, हातचा सढळ. आणि त्यांच्या घरात तीन पिढ्या एक मान चालत आलेला — सप्ताहातल्या वीणेचा पहारा. नव्या मंडळींना सांगतो. सप्ताहात सात दिवस सात रात्री वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तास एकेकानं उभं राहायचं, नाम घ्यायचं. वीणा जमिनीला लागली की सप्ताह मोडला. नानांचा पहारा दुपारी दोन ते चार. आजोबांपासून तोच.

आता चार-पाच वर्षांपूर्वी काय झालं? नाना पहाऱ्याला उभे होते, पाठ खांबाला टेकलेली. बघता बघता डोळे मिटले, नाम थांबलं, मान पुढं झुकली, अंग डुलायला लागलं. समोर पारूआजी बसलेल्या. त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, "नाना इथं नाहीत गं. नाना वर गेलेत." आणि उठून पाया पडल्या.

झालं! एक पडली म्हणून दुसरी पडली. पुढच्या वर्षी दोन वाजता रांग. कोणी पायावर फूल ठेवतंय, कोणी लेकराचं डोकं टेकवतंय. मधूनच नानांच्या घशातून आवाज यायचा — घर्रर्र. तर एक मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, हा ओंकार आहे.

यात नानांना हसू नका. माणूस जागा झाला, खाली बघतो तर पायावर फुलं. काय करावं त्यानं? पहिल्या वर्षी नाना ओशाळले. दुसऱ्या वर्षी थोडे कमी ओशाळले. तिसऱ्या वर्षी पहाऱ्याला येताना कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले. आपल्या पायावर कोणी फूल ठेवलं, तर आपण तरी ते झाडून टाकू का?

पण मंडळी, या गावात एक बाई अशी होती, जी पाया पडली नाही. नानांची मंडळी, सगुणाबाई.

तिला माहीत होतं ना! ही समाधी नानांना गिरणीतही लागायची. वरचं धान्य संपायचं, दगड दगडावर घासत राहायचा, पिठाला करपट वास सुटायचा, आणि नाना पोत्यावर बसून वर गेलेले. चहाचा कप हातात असताना लागायची. व्याही समोर बसून लग्नाची बोलणी करताहेत, तेव्हाही लागली. सगुणाबाईच्या मनात यायचं, देव काय गिऱ्हाइकाचं पीठ जाळून भेटतो?

आणि तिला त्याहून जास्त माहीत होतं. रात्री नाना घोरायचे. घोरण्याचं तिला काही नव्हतं, तीस वर्षांची सवय. भीती होती ती घोरणं थांबण्याची. एकदम सगळं शांत. छाती वर-खाली होतेय, पण नाकातून वारा नाही. ती अंधारात मोजायची. दहा. वीस. पंचवीस. आणि मग बुडालेला माणूस वर यावा तसा मोठा हिसका, एक श्वास, पुन्हा घोरणं. दोन मिनिटांत पुन्हा शांत. ती कुशीवर वळायची, आणि श्वास आता येईल का नाही, म्हणून पुन्हा कान द्यायची.

सकाळी सांगितलं तर नाना म्हणायचे, तुला स्वप्नं पडतात, मी पडलो की दगड होतो. बरं, दगड रात्रीतून चार वेळा लघवीला उठतो का? सकाळी दगडाचं डोकं ठणकतं का? ब्लड प्रेशरची एक गोळी होती, तिच्या तीन झाल्या. नाना म्हणाले, वय झालं.

मग सगुणाबाईनं काय केलं? भांडली नाही. देव्हाऱ्यातली एकशे आठ मण्यांची माळ उशाला घेतली. श्वास थांबला की एक मणी ओढायचा. पहिल्या रात्री पहाटेपर्यंत माळ पुरी झाली आणि वर आणखी अर्धी. तिनं माळ परत ठेवली, कोणाला बोलली नाही. जप म्हणावा, तर ओठांवर नाव कुठलंच नव्हतं.

चौथ्या वर्षीचा सप्ताह. सातवा दिवस, दुपारची वेळ, संध्याकाळचं कीर्तन माझं होतं म्हणून मीही मंडपात बसलेलो. नाना उभे, खांबाला टेकलेले, रांग लागलेली. पारूआजी वाकल्या — आणि नानांचे गुडघे सुटले. माणूस पुढं आला, वीणेचा पट्टा मानेवरून निसटला, भोपळा जमिनीच्या वीतभर वर. बायकांतून सगुणाबाई कधी उठली कोणाला कळलं नाही. एकाच वेळी दोन गोष्टी पडत होत्या, मंडळी. नवरा आणि वीणा. तिनं वीणा धरली! नाना धप्पकन बसले. नवरा पडला तर उठतो. वीणा टेकली तर गावाचा सप्ताह मोडतो. हा हिशेब तिनं एका क्षणात केला.

आता पंचाईत. धामणबेटात बाईनं कधी वीणा गळ्यात घेतलेली नाही. पहारे लावणारे दशरथअण्णा पुढं आले, हात पसरले. सगुणाबाईनं पट्टा गळ्यात घातला आणि म्हणाली, "अण्णा, पहारा आमच्या घरचा आहे. चारपर्यंत आमच्या घरीच राहील."

अण्णांनी वर बघितलं, खाली बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, वीणा टेकली नाही ना? मग झालं तर. बाई सव्वा तास उभी राहिली. डोळे उघडे.

चारला वीणा पुढच्याला देताना पारूआजींनी विचारलं, समाधीतून माणूस असा पडतो का गं? सगुणाबाई दमली होती. तिनं खरं ते सांगून टाकलं. "समाधी नाही ती, आजी. झोप आहे. रात्री ह्यांचा श्वास कोंडतो."

नाना दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चारचौघांत मला झोपाळू ठरवलं, म्हणून जेवण बाहेरच्या ओट्यावर. तिसऱ्या दिवशी अण्णा घरी आले. बोलले गोड, पण मतलब एवढाच, की पुढल्या वर्षी पहारा दुसऱ्या घराला द्यावा लागेल. तीन पिढ्यांचा मान, मंडळी! नानांच्या तोंडचं पाणी पळालं.

अण्णा गेल्यावर सगुणाबाईनं माळ आणून नवऱ्यापुढं ठेवली. म्हणाली, "अहो, ही माळ एका रात्रीत पुरी होते. तुमचा श्वास थांबला की एक मणी. वर्ष झालं."

नानांनी माळ उचलली, दोन-चार मणी ओढून बघितले. मग म्हणाले, "मग तू झोपतेस कधी?"

 हे आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि नाना — पायावर फुलं पडून जो माणूस जागा झाला नाही, तो या एका प्रश्नानं जागा झाला. दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप आणि दोघं तालुक्याला.

तिथल्या डॉक्टरीणबाई, शिरोळे आडनावाच्या. त्यांनी नाडी बघायच्या आधी प्रश्न विचारले. बसून वाचताना डुलकी लागते का? गाडीत बसल्यावर? कोणाशी बोलताना? नाना प्रत्येकाला हो म्हणाले, शेवटी म्हणाले, बाई, विचारायचं लवकर आटपा, मला आत्ताही येतेय. मग टेपनं मान मोजली, घसा बघितला. आणि सगुणाबाईला विचारलं, रात्री काय होतं? तिनं माळ काढली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, निम्मी तपासणी तुम्ही घरीच केलीत.

उरलेली निम्मी एका रात्रीची. नानांच्या डोक्याला तारा चिकटवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. नाना म्हणाले, एवढी वायर माझ्या गिरणीलाही नाही. आणि झोपले. सकाळी कागद आला. तासाला अडतीस वेळा श्वास बंद. सगळ्यात लांब थांबला तो पन्नास सेकंद. रक्तातला प्राणवायू शंभरात पंच्याण्णवच्या वर हवा, तो बहात्तरला टेकलेला.

नाना म्हणाले, पण मी तर रात्रभर झोपतो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, गिरणीचा पट्टा घसरला तर काय होतं? नाना म्हणाले, मोटर फिरते, दगड फिरत नाही. बाई म्हणाल्या, "तुमचं तेच आहे. झोपेत घसा सैल पडून मिटतो. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. मग मेंदू तुम्हाला ढोसून उठवतो. रात्रीतून दोनशे-तीनशे वेळा. तुम्ही झोपत नाही, नाना. नुसते आडवे पडता."

उपाय काय? औषधाची बाटली नाही. नाकावर बसवायचा मुखवटा, त्यातून एक छोटं यंत्र वारा ढकलतं, घसा मिटू देत नाही. जोडीला वजन उतरवायचं, कुशीवर झोपायचं, रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर. झोपेची गोळी आपल्या मनानं अजिबात नाही, तिनं घसा आणखी सैल पडतो. नाहीतर आपल्यात शहाणे कमी नाहीत — झोपेची तक्रार म्हटली की शेजाऱ्याची गोळी मागून आणतात. झोपेचे आजार काय एकच आहेत? कोणाच्या पायांत रात्री वळवळ होते, अंगात लोह कमी असतं, रक्त तपासलं की कळतं. कोणी झोपेत चालतो. कोणाला झोपच येत नाही. प्रत्येकाची वाट वेगळी, आणि ती डॉक्टरला विचारायची.

पहिला आठवडा नानांनी मुखवटा तीनदा ओढून फेकला. गुदमरतंय, नाक कोरडं पडतंय, मी हत्ती दिसतो. डॉक्टरीणबाईंनी माप बदलून दिलं, वाऱ्यात ओलावा सोडला. तरी कुरकुर. तेव्हा सगुणाबाई एवढंच म्हणाली, वीणेचा पट्टा तीन पिढ्या गळ्यात चालतो, हा नाकावर चालत नाही का? नानांनी मुखवटा चढवला.

आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते उठले, तर डोकं ठणकत नव्हतं. चहा घेतला, पूर्ण घेतला. वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं. गिरणीतल्या बाया म्हणाल्या, पिठाला वास नाही हो आज.

पण सगुणाबाई? घरात आता वाऱ्याची बारीक सुरसुर सोडली तर आवाज नाही, आणि तिला झोप येईना. पहिल्या रात्री तर घाबरून तिनं नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला, चालतेय ना बघायला. कानांना सवय मोजायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाही आजारच, दुसऱ्याच्या आजारानं लागलेला. घड्याळ नजरेआड ठेवा. झोप आली तरच अंथरुणावर जा, नाही आली तर उठून दुसरीकडं बसा. रात्र कशीही जावो, उठायची वेळ रोज एकच. दुपारी लवंडू नका. दीड महिना लागला तिला. माळ परत देव्हाऱ्यात गेली, आता खऱ्या जपाला.

पुढच्या वर्षी अण्णांनी पहारा कोणाला दिला? नानांनाच. वर्षभर गिरणीत टक्क जागे नाना अण्णांनी स्वतः बघितले होते. दोन ते चार. धोतर साधं, डोळे टक्क उघडे, मुखात नाम. रांग आली, बघितलं, चुळबुळली आणि पांगली. कोणी पाया पडेना. शेवटी पारूआजी जवळ गेल्या. फार वाईट वाटलं होतं म्हातारीला. म्हणाल्या, नाना, तुम्हाला आता समाधी लागत नाही का?

नाना म्हणाले, "गेली, आजी. तालुक्याच्या बाईंनी बरी केली."

चारला नानांनी वीणा पुढच्याच्या गळ्यात घातली, सरळ उभ्या अंगानं. संध्याकाळी माझं कीर्तन. पुढच्या ओळीत खांबाला टेकून सगुणाबाई झोपलेली. दुपारी लवंडायचं नाही हे तिनं पाळलं होतं, पण माझ्या कीर्तनाबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या नव्हत्या! टाळकरी तिला उठवायला निघाला. नानांनी हात आडवा केला. मी आवाज उतरवला. तीस वर्षांत माझ्या कीर्तनात कोणी झोपलं म्हणून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

तेव्हा मंडळी, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातच आहे. तुमच्या झोपेची साक्ष शेजारच्या माणसाकडं आहे. आजच्या रात्री ती मागा. मी घोरतो का, विचारा. श्वास थांबतो का, विचारा. आणि तो हो म्हणाला, तर रागावू नका. तो जागा होता म्हणून त्याला माहीत आहे.

माझी मंडळीही मला सांगायची, तुम्ही रात्री मधेच थांबता. मी हसण्यावारी न्यायचो. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता सांगायला कोणी नाही, म्हणून मागच्या महिन्यात मी स्वतःच गेलो आणि तारा लावून घेतल्या. तिचं खरं निघालं, मलाही मुखवटा लागला. आता झोप बरी लागते. हे तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतो.

चला, आरतीला उठा. शेजारचा झोपला असेल तर त्याला हळूच हलवा. आणि हलवून उठला नाही, तर त्याच्या पाया पडू नका — त्याच्या घरी सांगा.