कडू घास

(आखातातलं बिरकत अल अवामेर. कामगारांच्या इमारतीतलं सामाईक स्वयंपाकघर. संध्याकाळ. बालाजी कांदा चिरतोय. दारात युसुफ, हातात डबा.)

युसुफ : गॅस बंद कर, बालाजी.

बालाजी : युसुफभाई? मुऐदरहून इतक्या लांब? बसा. आज डाळ करायची पाळी माझी हाय.

युसुफ : बंद कर म्हणतो ना. तुझ्या भावाचा फोन आला मला. बाजीरावचा. तू त्याचा उचलत नाहीस.

बालाजी : बस चालवत होतो. रास लफानची दुसरी ट्रिप. स्टेअरिंगवर फोन उचलत नसतेत.

युसुफ : सकाळी उचललास तेव्हा त्यानं सांगितलं ना?

बालाजी : सांगितलं. आई गेली म्हणला. मग जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवर दाखवलं समदं. मधीच चित्र अडकलं. पुन्हा आलं तवर पेटलं होतं.

युसुफ : आणि तू परत ड्युटीवर गेलास.

बालाजी : माणसं स्टॉपवर उभी होती की.

युसुफ : मला सांगायचंस. मी काय मेलो होतो? … माफ कर रे. जिभेला हाड नाही माझ्या.

बालाजी : चालतंय. मला काय वाटतच न्हाई, भाई. रडू बी येईना. निस्ता दगड झालाय.

युसुफ : ये, हात धू. मैमुनानं पिठलं दिलंय, तांदळाची भाकरी दिलीय. ज्वारीचं पीठ मिळालं नाही तिला. फोडणी घातलेली नाही, तुमच्यात सुतकात घालत नाहीत म्हणून. शेजारच्या शालूताईंना विचारून केलंय.

बालाजी : कडू घास.

युसुफ : तोच. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. तुमच्यात नाही, आमच्यातही नाही.

बालाजी : हे काय घर हाय व्हय? कंपनीची खोली हाय. पोरं उपाशी यायलेत ड्युटीवरून.

युसुफ : पोरं केव्हाच आलीत. खाली जिन्यावर बसलीत. नेपाळी, तमिळ, सगळी. बालाजीभाईंनी खाल्ल्याशिवाय आम्ही नाही खाणार म्हणतात.

बालाजी : त्यांना कुणी सांगितलं?

युसुफ : सागरनं. सुपरवायझर असून उद्या तुझी बस तोच नेणार आहे. रजाही पास करून घेतलीय तुझी. परवा निघ, दहाव्याच्या आधी पोचशील.

बालाजी : नको.

युसुफ : का नको?

बालाजी : मी इथं असलो की ती तिथं असतीच, भाई. अंगणात शेंगा फोडत बसलेली. फोन करायचा राहिलाय, इतकंच. गेलो की दार उघडं अन् आत कुणी न्हाई. हा घास खाल्ला की खलास.

युसुफ : खलास झालंच आहे रे. अब्बा गेले तेव्हा मीही इथंच होतो. जनाज्याची नमाज फोनवर ऐकली. तेव्हा तू माझ्याजवळ नुसता बसून होतास. एक शब्द बोलला नाहीस. तेवढ्यावर मी उभा राहिलो.

बालाजी : काय बोलावं कळत नव्हतं मला.

युसुफ : मलाही आत्ता कळत नाहीये. धुतलेस हात?

बालाजी : कडू घास भावकीनं द्यावा लागतोय, भाई.

युसुफ : मग मी कोण आलोय? आ कर.

बालाजी : पोरांना वर बोलवा. पुरंल का समद्यांना?

युसुफ : मैमुनानं सगळ्यांचंच केलंय. आधी तू.

बालाजी : … मीठ घातलंय का भाभीनं?

युसुफ : घातलंय.

बालाजी : मला चवच लागंना.

युसुफ : लागेल हळूहळू. अजून एक घे.