रिठ्याचा फेस अन् फर्स्ट क्लास

मानाच्या खुर्चीवर बसलेले अध्यक्ष फुलसिंग नाईक, बाजूले पाहुणे रामराव पाटील, आज आपल्याले सोडून चाललेले ढोराईचे डॉक्टर गावंडे साहेब, अन् चहाच्या आशेनं बसलेल्या मायबाप मंडळींनो, लखीरामचा सगळ्याईले रामराम.

जिल्हा परिषद झाली त्या साली साहेब महागावाकडून इथं आले. भिंतीवर फ्रेमीत डिग्री, फर्स्ट क्लास. मी चौथी नापास. मले वाटलं, कागदाले ढोर समजते काय? म्हणून आमच्या धडधाकट बैलाच्या तोंडाले रिठ्याचा फेस लावला अन् बोंब ठोकली, "साहेब, लाळ सुटली!" बाप काठी घेऊन धावत आला. साहेबानं जबडा उघडून पाह्यला, मिठाचं पाणी पाजलं, "बरा होईल" म्हणून गेले. मंग मी फेस पुसून दाखवला. सारा तांडा हासला. नाईकसाहेब, तुमीबी हासले, नाही म्हणू नका.

आखाडात ढोराईवर घटसर्प आला. साहेब दारोदार फिरले, "लस टोचून घ्या, हात जोडतो." मी मागून ओरडलो, "आधी फेस पुसून पाहा, साहेब!" लस टोचाले कोणी ढोराचं दावं सोडलं नाही. सहा दिवसांत एकतीस ढोरं गेली.

माही याडी, माही माय मानीबाई, अजून सकाळी चरवी घेऊन रिकाम्या गोठ्यात जाते. उभी राह्यते. मंग माह्याकडं पाह्यते. शिव्या देत नाही. दिल्या असत्या तं झोप लागली असती.

त्याच्यावर आपनच जिल्हा परिषदेले अर्ज केला, 'डॉक्टरले काही येत नाही, ढोरं मेली.' लिहिला मीच. त्यानंच ही बदली झाली.

परवा साहेबाचं सामान बांधून राह्यलो होतो. इचारलं, "साहेब, त्या दिवशी रिठ्याचा वास नव्हता आला?"

"आला होता. तोंडात एक फोडही नव्हता."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुझा बाप काठी घेऊन उभा होता रे."

मंडळी, हे कोण्या कॉलेजात शिकवतेत?

आपला अर्ज साहेबाच्या फाइलीत हाये. साहेब जातीन तिथं लोक आधी तोच वाचतीन. म्हणून हा दुसरा आणला. रिठा, बैल, माह्यं नाव, सगळं खरं लिहिलं. खाली जागा सोडली.

बोलू देल्लं, उपकार झाले. शब्द वाकडा गेला असन तं पोट्टं समजून पोटात घाला. पण अंगठा देल्ल्याबिगर कोणी चहाले उठू नका. तांड्यात पहिला अंगठा नाईकाचा असते.

नाईकसाहेब, शाई इथं हाये.