तीस फुटांवरून ओळखलेली मांडी

मी श्रीरंग लक्ष्मण देवळाणकर, वय ५१, धंदा कार्यक्रमांचे निवेदन, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझी पहिली तक्रार पट्ट्याबद्दल आहे.

आज सकाळी क्रांती चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात नव्या यंत्राचे उद्घाटन होते. कपड्याआड लपवलेले हत्यार हे यंत्र तीस फुटांवरून, अंगाला हात न लावता, विद्युत-चुंबकीय लहरींनी ओळखते. यंत्र हात लावत नाही. म्हणून पोलिसांनी दारातच हात लावून सगळ्यांचे पट्टे काढून घेतले, कारण बक्कल दिसले की ते बोंबलते. माझी पँट मोठ्या पोटाच्या काळातली आहे. एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात पँट धरून मी "विज्ञानाची गरुडझेप" असे म्हणालो. मंडपात खुर्च्या मांडणारे कडूबा खरात यांनी ही अवस्था पाहिली. "सर, झेप मागून घ्या, आधी हे बांधा," म्हणत त्यांनी झालरीची उरलेली सुतळी दिली. त्यापूर्वी आमची ओळख नव्हती.

अकराच्या सुमारास प्रमुख पाहुणे नानासाहेब आपल्या माणसांसह आले. त्यांचे पट्टे कोणी मागितले नाहीत. यंत्र ठणाणा करू लागले. पडद्यावर त्यांच्या माणसांच्या कमरेला लाल पिस्तुले उमटली. मी पडद्याशेजारीच उभा असल्याने ती स्पष्ट पाहिली. त्यांच्यातला एक ओरडला, "ओ इंजिनिअर, ये क्या बजरा? नाना आलेत, दिसत नाय का?" कंपनीचे इंजिनिअर विश्वजीत घाम पुसत म्हणाले, "दोन मिनिटं सर. हा आकार निरुपद्रवी आहे, असं शिकवतो त्याला." यंत्र हुशार निघाले, लगेच शिकले. आपल्याकडे हे शिकायला माणसाची निम्मी नोकरी जाते.

यानंतर कडूबा पाण्याचा जग घेऊन व्यासपीठाकडे आले आणि यंत्र वाजले. शिपाई त्यांच्या अंगावर पडले.

"मांडीत काय लपवलंय? काढ!"

"रॉड हाय साहेब. मंडपावरून पडलो व्हतो, तवा घाटी दवाखान्यात बसवला. आता इथं कसा काढू?"

नानासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "यंत्राने पहिला घातपाती पकडला," अशी घोषणा करा, असे माझ्या कानात सांगण्यात आले. मी माईकवरून म्हणालो, "यंत्राने खुर्च्या मांडणारा पकडला आहे. पिस्तुले सुखरूप आहेत." माईक बंद झाला. कडूबांना जीपमध्ये घालून इथे आणले, मागोमाग मलाही.

कडूबा संशयास्पद हालचाली करत होते, असे मी सांगावे, अशी सूचना मला झाली. तसे सांगितले तर त्यांच्यावर गुन्हा दाखल होतो, एवढे मला कळते. ते लंगडत होते. लंगडणे अद्याप गुन्ह्यात बसत नाही. हा जबाब लिहून घेणारे जमादार म्हणतात, हे वाक्य गाळा. गाळू नये.

दरम्यान त्यांच्या पत्नी पारूबाई एक्स-रे घेऊन आल्या. "लई जपून ठेवलाय साहेब, घडी नका घालू." ठाण्याच्या साहेबांनी फिल्म ट्यूबलाइटपुढे धरली. रॉड सर्वांना दिसला. या ट्यूबलाइटच्या उद्घाटनाला कोणी आले नव्हते. कडूबांना सोडण्याचा हुकूम झाला. पिस्तुलांबद्दल मला एकही प्रश्न विचारला गेला नाही, हेही लिहावे.

कोठडीच्या नियमाने कडूबांच्या पायजम्याची नाडी काढून घेतली होती. ती सापडत नाही. ते पायजमा मुठीत धरून दारात उभे आहेत.

वरील मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचला, काही ठिकाणी हळू वाचला. पण सगळा ऐकू आला आणि मी सांगितला तसाच आहे. सहीपूर्वी माझा पट्टा मला मिळाला, तो कमरेला लावला. सुतळी सोडून कडूबांच्या पायजम्याला बांधली. गाठ मी स्वतः मारली.