शिवणाच्या दोऱ्याचे सात वेढे

मी, गावभर 'केबलवाले' म्हणून ओळखला जाणारा, वय ६४ वर्षे, व्यवसाय केबल टीव्ही कंपनीचा संस्थापक, राहणार बाजारामागे, पाण्याच्या टाकीसमोर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. तीस वर्षांपूर्वी घराच्या गच्चीवर एक डिश बसवून मी ही कंपनी काढली. पहिल्या साली नऊ घरे होती, आज सहा हजार आहेत. गावातला एकही खांब मला अनोळखी नाही. ही बढाई नाही, विचारा कुणालाही.

कंपनी एका मोठ्या कंपनीला विकायचे मी ठरवले. त्यांची माणसे आज सकाळी अकरा वाजता पाहणीला आली. मी ऐटीत टीव्ही लावला. पडदा काळा. गच्चीवरून उतरणारी मुख्य तार कोणीतरी कापली होती, ते खालूनच दिसत होते; सहा हजार घरे बंद. पाहुणे चहा न घेता गेले.

आमचा जुना लाइनमन, ज्याला उंचीमुळे सगळे 'टॉवर' म्हणतात, तो काल माझ्याशी भांडला होता. "नवे मालक आम्हाला ठेवतील का, तेवढं सांगा," असे तो विचारत होता. तो राग धरून, गच्चीवर न जाताच मी ठाण्यात त्याचे नाव दिले. आपण त्याला साडेबारा वाजता घरून आणले.

दोन वाजता मी स्वतः गच्चीवर गेलो. तारेची दोन्ही तोंडे सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळली होती. वर पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्याचे सात वेढे आणि बटण लावताना मारतात तशी गाठ. लाइनमन काळी चिकटपट्टी वापरतात. पहिल्या साली तारेत पाणी शिरून नऊच्या नऊ घरांत पडद्यावर मुंग्या आल्या, तेव्हापासून उघड्या तोंडाला असा दोरा बांधणारी व्यक्ती एकच. पहिली अकरा वर्षे सगळे जोड तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर केले. तक्रारीचे फोन तिने घेतले. खांबावर मी चढायचो, शिडी ती धरायची.

खाली येऊन मी पत्नीला विचारले. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "हो, मीच कापली. कंपनी विकताय हे मला पाहुण्यांच्या फोनवरून कळलं. अहो, मला विचारायचं राहिलं, की विचारायचंच नव्हतं? कागद काढा आणि माझं नाव कुठे आहे ते दाखवा." मी कपाटातल्या तिन्ही फायली चाळल्या. नाव कुठेच नाही.

तरी लाइनमनला सोडावे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे मीच केले. त्याची माफी मी त्याच्या बायकोसमोर मागणार आहे. तार आमची, गच्ची आमची, कापणारी घरचीच. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पाहणीची नवी तारीख मी दिलेली नाही. चार वाजता पत्नीने तार जोडली. शिडी मी धरली.

जबाब मला वाचून दाखवला. सगळे बरोबर आहे, फक्त पहिल्या ओळीत व्यवसाय माझ्याकडून चुकीचा सांगितला गेला. तेथे 'संस्थापक' खोडून 'दोन संस्थापकांपैकी एक' असे लिहावे. दुसऱ्या संस्थापक बाहेर बाकावर बसल्या आहेत. खाडाखोडीजवळ आधी त्यांची सही घ्यावी, मग मी माझी करतो.