सुंदराबाईंनी देवाला सोडलेली गोळी

मंडळी, एक सांगा! देवाला जे जे सोडलं, ते सगळं त्याला आवडतं का हो? थांबा, लगेच माना डोलवू नका! मीही अशीच डोलवायचो. पुढं जे डोळ्यांनी पाहिलं, त्यानंतर डोलवायची सोडली.

तर ऐका. कोळवाडीचा सप्ताह. पहिल्याच दिवशी मी गरजलो, "जिच्याशिवाय तुमचा एक दिवस जात नाही, ती वस्तू देवाला सोडा!" झालं! कोणी तंबाखू सोडली, कोणी चहा. एक पठ्ठ्या म्हणतो, "महाराज, मी कारलं सोडलं!" अरे लबाडा, तू ते खात कधी होतास?

आणि सुंदराबाई घोलप! साठीची बाई, दम्याची. व्यसन म्हणाल तर कसलंच नाही. सोडणार काय? मग तिला आठवलं — चार वर्षं रोज सकाळी घेते ती गोळी! बाईनं पाकीट आणून देवापुढच्या परातीत ठेवलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाकिटात काय आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उलट्या. आम्ही म्हणालो, उपासानं झालं असेल! तिसऱ्या दिवशी बाई पाय ओढत चालायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी, पंगतीच्या भाकऱ्या थापता थापता कोसळली! डोळे फिरलेले, अंग घामानं भिजलेलं, तोंडानं काहीबाही बडबड. बायका ओरडल्या, "अंगात आलं!" लगेच मळवट भरला, ओटी आणली. एकजण विचारते, "आई, पोरीचं लग्न कधी जमंल?" अहो, ती मरत होती! आणि आम्ही रांग लावून पाया पडत होतो! रांगेत पहिला कोण? हा तुमचा कीर्तनकार!

तेवढ्यात तिची सून मंदा आली. सासूचा हात धरला नि किंचाळली, "अंगात कसलं आलंय! आत्याबाई गार पडल्यात! गाडी काढा कुणीतरी!"

जीपमध्ये मी तिचं मनगट धरून बसलो. नाडी लागेना. बोटं सरकवली — लागेना! आयुष्यभर मरणावर बोलत आलो मी, पण त्या जीपमध्ये देवाचं नावसुद्धा ओठावर येईना. इतका भ्यालो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कुठल्या घेतात?"

मंदा म्हणाली, "दम्याची. पण चार दिवस झाले, देवाला सोडली."

"स्टेरॉइड?" बाई ओरडल्या. "एकदम? कोणी सांगितलं?"

मी खाली मान घातली. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मग बाईंनी समजावलं. ते आपल्या पंगतीच्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिची नजर पंगतीवर. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी, ते आचारी! रक्तात कॉर्टिसॉल नावाचा रस कमी पडला, की वरून हाक येते, "आणा!" आचारी कामाला लागतात. पुरेसं झालं, की हाक थांबते, आचारीही हात आवरतात. रक्तदाब, साखर, आजारपण सोसायची ताकद — सगळं या रसावर!

आता स्टेरॉइड म्हणजे असाच रस, तो चार वर्षं गोळीतून आयता येत राहिला. मग हाक कोण मारणार? हाक बंद, चूल थंड, आचारी सुस्त! आणि एका सकाळी ते आयतंही बंद केलं! आता पंगतीला वाढणार कोण? विझलेली चूल पेटायला महिने लागतात हो. म्हणून डॉक्टर गोळी हळूहळू कमी करतात.

संध्याकाळी सुंदराबाईनं डोळे उघडले. मला पाहिलं आणि काय म्हणाली? "महाराज... माझा संकल्प मोडला का हो?"

मरणाच्या दारातून परत आली, आणि भ्याली कशाला? माझ्या शब्दाला! मंडळी, त्या दिवशी मला माझ्याच जिभेची भीती वाटली.

आता इकडं बघा. देवापुढं ही परात आहे. सकाळपासून तुम्ही यात काय काय ठेवलंय, मला ठाऊक नाही. तंबाखू असेल तर राहू द्या! पण कोणी गोळी ठेवली असेल, दम्याची, फिटची, साखरेची, तर उठा आणि उचला. देव रागावणार नाही. रागावला तर माझ्यावर रागावू दे! लाज वाटते? बरं, मी डोळे मिटतो. तुम्हीही मिटा सगळे.

...पावलं वाजली, बांगड्या किणकिणल्या. या, बाई, या. घ्या ती परत.

अजून एक? अरे देवा... अजून एक!